चौकोन होतो, पांघरूण राहतं

ग्रॅनी स्क्वेअर शिकायला एक दुपार पुरते. सुई कधी हातात न धरलेली बाईसुद्धा चहाच्या वेळेपर्यंत एक वेडावाकडा का होईना, चौकोन घेऊन घरी जाते आणि पुढच्या वर्गाला येताना आणखी तीन घेऊन येते. क्रोशात इतक्या लवकर हाताला यश देणारं दुसरं काही नाही. तरीही आमच्या पुण्यातल्या कपाटांत, दिवाणांच्या पोटात आणि साड्यांच्या दुकानांतून आलेल्या जाड पिशव्यांत जेवढे ग्रॅनी स्क्वेअर पडून आहेत, त्यांच्या मानाने पुरी झालेली पांघरुणं फारच थोडी.

मी क्रोशा शिकवते आणि लोकांची अर्धवट राहिलेली पांघरुणं पुरी करून द्यायची कामंही घेते. त्यामुळे कोण नेमकं कुठे अडलं, हे पिशवी उघडली की कळतं. बहुतेकांचा समज असा की चौकोन विणता आला म्हणजे पांघरूण आलंच, फक्त चिकाटी हवी. मला हे पटत नाही. चौकोन आणि पांघरूण ही दोन वेगळी कामं आहेत. चौकोन हाताचं काम आहे, पांघरूण हिशेबाचं. आणि हिशेब करायला आपण कंटाळतो, कारण क्रोशा म्हणजे विरंगुळा असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं.

आधी चौकोन. चार साखळ्या घालून त्यांचं कडं करायचं. त्या कड्यात तीन-तीन खांबांचे, म्हणजे उंच टाक्यांचे, चार गट घालायचे आणि दर दोन गटांमध्ये दोन साखळ्या सोडायच्या. फेरीतला पहिला खांब तेवढा खरा नसतो, त्याच्या जागी तीन साखळ्या उभ्या राहतात. त्या दोन-दोन साखळ्यांच्या पोकळ्या म्हणजे चौकोनाचे चार कोपरे. दुसऱ्या फेरीपासून एकच नियम: कोपऱ्याच्या पोकळीत तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब, बाजूवरच्या प्रत्येक पोकळीत तीन खांब, आणि गटागटांत एक साखळी. टाक्याच्या डोक्यात सुई घुसवायचीच नाही, मोकळ्या पोकळीत घालायची. म्हणून तर हा चौकोन लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर किंवा समोर मालिका चालू असताना विणता येतो. बोटांना पोकळी आपोआप सापडते.

आता यातलं गणित बघा, कारण मला स्वतःला चौकोनातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. पहिल्या फेरीत १२ खांब होतात, दुसऱ्या फेरीत २४, तिसरीत ३६. दर फेरीला १२ खांब वाढतात. ज्यांनी टीपॉयवरचे गोल रुमाल विणलेत त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण खांबांचा गोल सपाट राहायला हवा असेल तर तिथेही फेरीला १२ खांबच वाढवतात. मग वाढ तेवढीच असून एक गोल होतो आणि दुसरा चौकोन, हे कसं?

खांब जेवढा रुंद असतो त्याच्या साधारण दुप्पट उंच असतो. एक फेरी घातली की तुकडा सगळीकडून एका खांबाच्या उंचीने वाढतो. गोलाचा परीघ अशा वेळी त्या उंचीच्या सव्वासहा पटीने वाढतो, म्हणजे साडेबारा खांबांच्या रुंदीइतका. बारात भागतं, उरलेलं लोकर ताणून घेते. चौकोनाची परिमिती मात्र उंचीच्या आठ पटीने वाढते, म्हणजे सोळा खांबांइतकी. बारा खांब तर आपण वाढवतो, पण वरचे चार? बाजूवरच्या गटांमध्ये घातलेली ती एकेक साखळी. दर फेरीला प्रत्येक बाजूवर एक साखळी जादा येते, बाजू चार. बारा आणि चार सोळा. ज्या कुणी हा चौकोन पहिल्यांदा बसवला तिने कागद-पेन्सिल घेतली असेल असं मला वाटत नाही, पण हिशेब चोख आहे.

बाजूवरची साखळी घालावी की न घालावी यावर विणणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. ज्यांचा हात सैल आहे त्यांचा चौकोन साखळीशिवायही सपाट पडतो. घट्ट हाताने विणणाऱ्यांचा वाटीसारखा आत वळतो. माझं म्हणणं, पहिल्या पांघरुणात साखळी घालावी. याउलट टाके जरुरीपेक्षा जास्त वाढवले की कडेला झालर येते. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना तायमिना यांनी १९९७ मध्ये हेच मुद्दाम केलं. ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन त्यांनी क्रोशाने असा वळसेदार पृष्ठभाग विणला, की कागदावर नीट दाखवता न येणारी हायपरबोलिक भूमिती विद्यार्थ्यांना हातात धरून बघता येऊ लागली. वर्गात कुणाचा रुमाल झालरीसारखा फुगला की मी म्हणते, तुम्ही चुकला नाहीत, नुसत्या कॉर्नेलला पोहोचलात.

चौकोन फिरल्यासारखा दिसतो, कोपरे घड्याळाच्या काट्यासारखे एका अंगाला कलतात, ही तक्रारही नेहमीची. त्याचं कारण साधं आहे. क्रोशाचा टाका अगदी सरळ उभा राहत नाही, थोडा एका बाजूला रेलतो. सगळ्या फेऱ्या एकाच बाजूने विणल्या की तो कल साठत जातो. दर फेरीनंतर काम उलटं करून विणलं की एक फेरी इकडे रेलते, एक तिकडे, आणि चौकोन सरळ येतो.

हा चौकोन छापील स्वरूपात पहिल्यांदा आढळतो तो १८८५ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतल्या ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात. तो शेतीच्या नियतकालिकात यावा यात मला काही नवल वाटत नाही. शिल्लक लोकरीचे तुकडे वाया जाऊ नयेत आणि काम केव्हाही सोडून उठता यावं, या दोन गरजा शेतकरी घरातल्या बाईच्याच. स्वेटर विणताना मध्येच उठलं तर ओळ हरवते, शेजारणीशी बोलता बोलता टाके मोजायचे राहतात. चौकोनाचं तसं नाही. दूध उतू चाललं, सुई टाकून उठलं, अर्ध्या तासाने परत बसलं, तरी बघता क्षणी कळतं कुठे होतो ते. आणि हातातला तुकडा कधीच बोजड होत नाही. पांघरूण सलग विणायला घेतलं तर निम्म्यानंतर ते मांडीवर पसरतं, आणि एप्रिल-मे महिन्यात पुण्यात किंवा नागपुरात मांडीवर लोकरीचं पांघरूण घेऊन कोण बसेल?

आपल्याकडे क्रोशा लोकरीचा नव्हे, दोऱ्याचा म्हणून रुजला. आमच्या आधीच्या पिढीच्या बायका बारीक पोलादी सुईवर चाळीस नंबरच्या पांढऱ्या दोऱ्याने काम करायच्या. रेडिओवरचा रुमाल, मग टीव्हीवरचं झाकण, देव्हाऱ्याचं तोरण, चौरंगावरचं आसन. रुखवतात मांडलेल्या त्या जाळीदार रुमालांकडे बघून नवरीमुलीचा हात कसा आहे ते ठरवलं जायचं, मग तो रुमाल खरं तर तिच्या मावशीने विणलेला का असेना. लोकर घरात यायची ती बाळंतविड्यासाठी: टोपडं, मोजे, दुपटं. ग्रॅनी स्क्वेअरने आपल्याकडे शिरकाव केला तो याच दारातून. अजूनही माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या दहांपैकी सहा-सात जणींना बाळासाठीच पांघरूण करायचं असतं. त्यांना मी एक गोष्ट बजावते. तान्ह्या बाळाची बोटं या पोकळ्यांत अडकतात. पांघरुणाला मागून मऊ सुती कापड लावा, नाहीतर पोकळ्या नसलेला भरीव चौकोन घ्या.

आता पांघरुणाकडे वळू. चार मिलिमीटरची सुई, मध्यम जाडीची ॲक्रिलिक लोकर आणि पाच फेऱ्या घेतल्या तर चौकोन साधारण पाच इंचांचा होतो. आडवे नऊ आणि उभे बारा असे चौकोन मांडले तर पंचेचाळीस इंच बाय साठ इंचांचं पांघरूण होईल, सोफ्यावर बसून पाय झाकण्यापुरतं. हे झाले १०८ चौकोन. एका चौकोनात १८० खांब, म्हणजे सगळे मिळून १९ हजार ४४० खांब. हा आकडा मी फळ्यावर लिहिते तेव्हा वर्गात शांतता पसरते. ती पसरावी म्हणूनच लिहिते. ज्यांना घाबरायचंय त्यांनी लोकर घ्यायच्या आधी घाबरावं.

लोकर किती लागेल हे दुकानदाराला विचारू नये. एक चौकोन पुरा विणायचा, सराफाच्या किंवा स्वयंपाकघरातल्या नाजूक काट्यावर तो तोलायचा, चौकोनांच्या संख्येने गुणायचं आणि जोडणी व काठासाठी पाचवा हिस्सा वर धरायचा. आठ-दहा ग्रॅमचा चौकोन असेल तर वरच्या पांघरुणाला सव्वा किलोच्या आसपास लागते. आपल्याकडे मिळणारी बहुतेक ॲक्रिलिक लोकर लुधियानाकडची. ती धुवायला सोपी, कसर न लागणारी आणि खिशाला परवडणारी आहे. तिला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. माझं मत, पहिलं पांघरूण ॲक्रिलिकचंच करावं. मात्र खरी लोकर आणि ॲक्रिलिक एकाच पांघरुणात मिसळू नये. खरी लोकर गरम पाण्यात आटते, ॲक्रिलिक आटत नाही, आणि दुसऱ्या धुण्यानंतर पांघरुणावर खळगे पडतात. लडीवरच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर छापलेला असतो तोही बघावा. एकाच नावाचा मोतिया रंग दोन लॉटमध्ये दोन तऱ्हांचा निघतो. आतल्या फेऱ्यांत ते खपून जातं, पण ज्या रंगाने सगळे चौकोन जोडायचे तो पुरेसा एकाच वेळी घेऊन ठेवावा.

मापाचा प्रश्न लोकरीहून अवघड. पहिला चौकोन आणि साठावा चौकोन एकाच मापाचे येत नाहीत. सुरुवातीला हात आवळलेला असतो, सवय झाली की सैल पडतो. उकाड्यात घामट बोटांवरून लोकर अडत अडत सरकते. घरात काही बिनसलेलं असेल तर तेही टाक्यात उतरतं. विणणाऱ्या कुणालाही विचारा. उपाय एवढाच, की पहिल्या चांगल्या चौकोनाच्या मापाचा पुठ्ठा कापायचा आणि प्रत्येक चौकोन त्यावर टेकवून बघायचा. पाव इंचाने लहान असेल तर शेवटची फेरी उसवून अर्ध्या मिलिमीटरने मोठ्या सुईवर पुन्हा घालायची. काहीजणी म्हणतात, जोडताना ताणून घेऊ. ताणलेला चौकोन पहिल्या धुण्याला आपल्या मूळ मापावर परत जातो, शेजारच्याला ओढत.

रंगांबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि सगळ्यात कमी ऐकतात. उरल्यासुरल्या लोकरीतून पांघरूण करायचं असेल, आणि मला तशीच पांघरुणं जास्त जिवंत वाटतात, तर आतल्या फेऱ्यांत वाटेल तो गोंधळ घालावा, पण शेवटची फेरी सगळ्या चौकोनांना एकाच रंगाची असावी. ती फेरी बाकीच्या गोंधळाला शिस्त लावते. अमेरिकेतल्या जुन्या पांघरुणांत ती काळी असायची. काळ्या चौकटीत लाल, नारिंगी, पिवळा हे रंग जळत्या निखाऱ्यासारखे उठून दिसतात. आपल्याकडे काळं म्हटलं की आजीबाई कपाळाला आठ्या घालतात, बाळाला काळं नको. त्याच बाळाच्या बोरन्हाणाला मात्र काळं झबलं शिवून त्यावर हलव्याचे दागिने घालतात, याची मी त्यांना आठवण करून देते. काळं नकोच असेल तर गडद निळा किंवा कॉफी घ्यावा. मोतिया दिसतो सुंदर, पण दिवाणावर टाकणार असाल तर महिनाभरात त्याला कडेने घरातल्या सगळ्यांच्या हातांचा रंग येतो.

मांडणी करताना चौकोन जमिनीवर पसरावेत आणि मोबाइलवर त्यांचा फोटो काढून तो कृष्णधवल करून बघावा. रंग गेले की फिकं कुठे साठलंय आणि गडद कुठे, ते लगेच दिसतं. डोळ्यांना लाल आणि हिरवा वेगळे वाटतात. फोटोत कित्येकदा दोघंही एकाच करड्या छटेचे निघतात, आणि मग कळतं की पांघरुणाचा तो कोपरा इतका निर्जीव का दिसत होता.

पण पांघरुणं राहतात ती रंगांमुळे नाही, मापामुळेही नाही. ती राहतात टोकांमुळे.

दर वेळी रंग बदलला की लोकरीची दोन टोकं लोंबत राहतात, एक सुरुवातीचं, एक शेवटचं. पाच फेऱ्या पाच रंगांच्या असतील तर चौकोनाला दहा टोकं. एकशे आठ चौकोनांना १,०८०. माझ्याकडे येणाऱ्या अर्धवट पिशव्यांत चौकोन बहुधा पुरेसे विणलेले असतात, कधी कधी जास्तच असतात. पण प्रत्येकाला मागून झिपऱ्या सुटलेल्या. बाईने उत्साहाने सगळे चौकोन विणले, टोकं मागाहून एकदम लपवू म्हणाली, आणि एके दिवशी तो ढीग बघून पिशवीला गाठ मारली. वर्गातल्या एका बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी हा १,०८० चा गुणाकार माझ्याआधी केला. क्षणभर थांबल्या, आणि लगेच बेत बदलला: आतल्या चार फेऱ्या एका रंगाच्या, शेवटची दुसऱ्या. चौकोनाला चार टोकं, एकूण ४३२. त्यांचं पांघरूण त्या हिवाळ्यात पुरं झालं. याला मी हिशेब म्हणते.

टोक लपवायचं म्हणजे नुसतं आत खोचायचं नाही. पाच-सहा इंच लांब टोक ठेवायचं, मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईत ओवायचं, त्याच रंगाच्या खांबांच्या पायथ्यातून एका दिशेने न्यायचं, एक धागा सोडून उलट आणायचं, आणि जमल्यास तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्या दिशेने. गाठ मारून कापलेलं टोक ॲक्रिलिकमध्ये टिकत नाही, लोकर निसरडी असते. पुढच्या फेरीचे खांब टोकावरूनच विणत जाण्याची युक्ती हल्ली सगळे व्हिडिओ शिकवतात. ती वाईट नाही, पण एकाच दिशेने गेलेलं टोक ओढाताणीत बाहेर येतं, तेव्हा निदान परतीचा एक फेरा सुईने घालावा. माझ्या वर्गात एक बंधन आहे: टोकं लपल्याशिवाय चौकोन पुरा झाला असं म्हणायचं नाही आणि नवा सुरू करायचा नाही. काहीजणी कुरकुरतात. मी ऐकत नाही.

जोडणीच्या पद्धती पुष्कळ आहेत, त्यांतल्या दोन पुरतात. पहिली मुक्या खांबाने जोडण्याची. दोन चौकोन पाठीला पाठ लावून दोन्हींच्या कडांतून एकदम विणत जायचं. यात उठावदार कड येते आणि जोड मजबूत बसतो. दोन-दोन चौकोन जोडून दर वेळी लोकर तोडली तर पुन्हा टोकांचा ढीग होतो. त्याऐवजी आधी सगळे आडवे जोड ओळीने घालत जायचे, मग सगळे उभे. नऊ बाय बाराच्या पांघरुणाला अकरा आडवे आणि आठ उभे, अशा एकोणीस लांब ओळींत काम संपतं. दुसरी पद्धत शेवटची फेरी विणतानाच शेजारच्या चौकोनात अडकवत जाण्याची. ती सपाट बसते आणि वेळ वाचवते, पण मांडणी आधी पक्की हवी, मागाहून मन बदलता येत नाही. त्यानंतर भोवती दोन-तीन फेऱ्यांचा काठ. काठाला मी फार वेळ देत नाही. साधे खांब घालावेत, नागमोडी कडेचे लाड नकोत.

इस्त्री लावू नये. गरम इस्त्रीखाली ॲक्रिलिक कायमचं लुळं आणि चकचकीत होतं. धुतल्यावर दोरीवर टांगूही नये, पाण्याच्या वजनाने ते लांबतं. चादरीवर आडवं पसरावं.

एवढं सगळं करून झालं, की कुणीतरी विचारतं, बाजारात याचं काय मिळेल? या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी एक गोष्ट सांगावी लागते, ती बहुतेकांना माहीत नसते. दोन सुयांवरचं विणकाम यंत्राने कधीचं उचललं, आपले सगळे स्वेटर यंत्रावरचेच असतात. पण खरा क्रोशा घाऊक प्रमाणात विणणारं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही. विणकामात फंदे ओळीने सुयांवर थांबलेले असतात, यंत्राला ते सोपं जातं. क्रोशात एका वेळी एकच फंदा जिवंत असतो आणि सुई तयार कापडात कुठेही, कुठल्याही कोनातून शिरते. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रं काढतात, ती वेगळी. म्हणजे मॉलमध्ये टांगलेला ग्रॅनी स्क्वेअरचा टॉप, त्यावर किंमत काहीही लिहिलेली असो, कुठल्यातरी माणसाच्या हाताने विणलेला असतो. तो टॉप दोन सिनेमांच्या तिकिटांत मिळत असेल तर त्या हाताला काय मिळालं असेल, याचा हिशेब अवघड नाही.

तुकडे एकीने विणायचे, जोडायचे दुसरीने आणि विकायचे तिसऱ्याने, ही रीत जुनी आहे. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये क्रोशाच्या लेसवर कित्येक घरं तगली. तिथेही फुलं-पानं सुटी विणून मग जोडली जायची. आपल्याकडे याचं मोठं केंद्र म्हणजे आंध्रातलं, गोदावरीच्या मुखाजवळचं नरसापूर. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर तिथे ही कला आली आणि पंचक्रोशीतल्या बायकांच्या हातात राहिली. मारिया मीज या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ मध्ये ‘द लेसमेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं ते असं: माल परदेशात जात होता, व्यापारी श्रीमंत होत होते, आणि दिवसाचे कित्येक तास सुईवर घालवणाऱ्या बायकांची नोंद मात्र गृहिणी अशी होत होती. त्या काम करत नव्हत्या म्हणे, फावल्या वेळात बसून विणत होत्या. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकन मालाला मिळतं, तासांना नाही.

या हाताचा आवाका किती, हे ज्यांना बघायचंय त्यांनी चेन्नईकडे बघावं. सुबाश्री नटराजन यांनी उभ्या केलेल्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८ चौरस मीटरचं, म्हणजे पावणेतीन एकरांचं क्रोशाचं पांघरूण मांडून गिनेस विक्रम केला. देशभरातून आणि परदेशांतूनही बायकांनी घरी बसून तुकडे विणून पाठवले होते. विक्रमांचं मला फारसं कौतुक नाही, पण पावणेतीन एकर कापडाचे तुकडे मापात आणून जोडायचे म्हणजे काय, हे एकशे आठ जोडणाऱ्याला बरोबर कळतं.

तर, काय मिळेल? मी वर्गात हा हिशेब मांडून दाखवते. सरावलेल्या हाताला पाच रंगांच्या चौकोनाला पंचवीस मिनिटं धरली तर एकशे आठांना पंचेचाळीस तास. टोकं लपवायला चौकोनाला दहा मिनिटं, म्हणजे अठरा तास. जोडणी आणि काठ, पंधरा तास. एकूण अठ्ठ्याहत्तर. तासाला शंभर रुपये लावले, जे पुण्यात घरकामाच्या मावशीही हल्ली ऐकून घेत नाहीत, तरी सात हजार आठशे. वर लोकर. नऊ हजारांच्या आत हे पांघरूण विकणं म्हणजे स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला पैसे देणं. आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात हजार रुपयांचं यंत्रावरचं ब्लँकेट असतं. पुष्कळजणी मग तीन हजारांत देऊन टाकतात, वर म्हणतात, तेवढाच हातखर्च. यावरून माझे आणि त्यांचे वाद झालेत. स्वस्त विकणारी एकटी स्वस्त विकत नाही, ती बाकीच्यांचाही भाव ठरवून जाते.

आमच्यातली एक कोथरूडची मुलगी यंदा शिकली. तिला ओळखीतल्या एका बाईंनी पांघरूण मागितलं. तिने वही उघडून तास, टोकं, लोकर असं सगळं ओळीने लिहिलं आणि नऊ हजार सांगितले. बाई म्हणाल्या, “अगं, एवढ्यात तर रजई येते.” ती म्हणाली, “हो काकू, येते ना.” आणि गप्प राहिली. दोन दिवसांनी काकूंचा फोन आला: पांघरूण राहू दे, उशीचा अभ्रा केवढ्याला? नऊ चौकोन, मागे सुती कापड. मुलीने पुन्हा वही काढली आणि आठशे सांगितले. काकूंनी दोन अभ्रे करायला सांगितले, पैसे आगाऊ दिले.